६१ दिवस, ६० भाग: पावसाळ्यात विलायती मालिका बघायच्या तर

१ जून ते ३१ जुलै, एकूण ६१ दिवस, यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. 'द वायर' या अमेरिकन मालिकेचे भाग आहेत ६०. रोज रात्री जेवणं आटपल्यावर एक भाग लावला तर बंदी उठायच्या आत मालिका संपते आणि वर एक दिवस हातात उरतो. कोकणात पावसाळ्यात लाईट जाण्यापुढे एक दिवस म्हणजे काहीच नाही, तेव्हा हिशेब सैल धरायचा. पण हिशेब करायचा जरूर. इंग्रजी मालिका अर्ध्यावर सुटतात त्या कंटाळ्याने कमी. आपण केवढं काम अंगावर घेतलंय ते आधी न बघितल्याने जास्त.

आधी भाग मोजा

सुरुवातीलाच एक घोळ मिटवू. अमेरिकेत ज्याला 'सीझन' म्हणतात त्याला ब्रिटनमध्ये 'सीरिज' म्हणतात. 'हॅपी व्हॅली, सीरिज २' ही वेगळी मालिका नाही, त्याच मालिकेचं दुसरं पर्व आहे. हे माहीत नसल्यामुळे मधूनच बघायला सुरुवात करून 'काहीच कळत नाही' म्हणणारे पुष्कळ.

ब्रिटिश पर्व बहुधा ६ ते ८ भागांचं असतं, आणि कितीतरी वेळा ते सगळं एकाच लेखकाने लिहिलेलं असतं. अमेरिकेतल्या मोठ्या नेटवर्कची जुनी पद्धत वर्षाला २२ भागांची, भाग साधारण ४२ मिनिटांचा, मध्ये जाहिराती. जाहिरातीनंतर माणूस परत यावा म्हणून दर दहा मिनिटांनी काहीतरी धक्का द्यायचाच. जाहिराती काढून सलग बघितलं की हे धक्के उघडे पडतात. एचबीओ आणि एएमसी या केबल वाहिन्यांनी पर्व १०-१३ भागांवर आणलं, आणि आमच्या मते अमेरिकन मालिका खऱ्या अर्थाने तिथून बघण्यासारख्या झाल्या.

आता आकडे. 'ॲडोलसन्स' ४ भाग, 'चेर्नोबिल' ५, 'हॅपी व्हॅली' १८, 'ब्रॉडचर्च' २४, 'लाइन ऑफ ड्यूटी' ३६, 'सक्सेशन' ३९, 'ब्रेकिंग बॅड' ६२, 'द सोप्रानोज' ८६, 'मॅड मेन' ९२, 'द वेस्ट विंग' १५४. पहिल्यांदाच बघणाऱ्याने २५ च्या वर जाऊ नये. ८६ भागांची मालिका कितीही थोर असली तरी चवथीला घरात चाकरमानी भरले की पंधरा दिवस टीव्ही तुमचा राहत नाही, आणि परत बसाल तेव्हा कोण कोणाचा मेहुणा ते विसरलेलं असतं. तीच मालिका दिवाळीनंतर घ्या.

सुरुवात 'ब्रॉडचर्च'पासून

किनाऱ्यावरच्या माणसाने पहिली मालिका म्हणून हीच घ्यावी. आयटीव्हीवर २०१३ साली आली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगणा, तिथे समुद्राला लागून छोटं गाव, पिवळ्या दगडाचा सरळ तुटलेला कडा, आणि त्याखालच्या वाळूत ११ वर्षांच्या मुलाचं प्रेत. गाव काल्पनिक आहे, पण कडा वेस्ट बे इथला खरा. मालिकेचा लेखक क्रिस चिबनल त्याच भागात राहणारा, आणि ते जाणवतं. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, कोणाची गाडी रात्री कुठे उभी होती हे सकाळी बाजारात माहीत असतं, आणि तरी खुनी कोण हे कोणाला ठाऊक नाही. असं गाव आपल्याला समजावून सांगावं लागत नाही.

पहिल्या भागाच्या सुरुवातीला मुलाचे वडील कामाला निघतात आणि बाजारपेठेतून चालत जाताना येईल त्याला हाक मारत, दोन शब्द बोलत पुढे जातात. हा तुकडा नीट बघा, मोबाईल बाजूला ठेवा. ज्यांच्यावर पुढे संशय येणार त्यातले बरेच चेहरे इथे हसतखेळत ओळख करून दिलेले आहेत. पहिल्यांदा बघताना हे नुसतं 'वातावरण' वाटतं आणि तिथेच लोक भाजी निवडायला उठतात.

पहिलं पर्व, म्हणजे ८ भाग, स्वतःत पूर्ण आहे. दुसरं बरंचसं कोर्टात घडतं आणि ढिलं आहे. तिसरं पुन्हा सावरतं. ८ भागांवर थांबलात तरी काही अडत नाही. याच गोष्टीचा अमेरिकन अवतार 'ग्रेसपॉइंट' २०१४ साली आला, १० भागांचा, नायक तोच डेव्हिड टेनंट. तो सोडून द्या. दोन भाग वाढवून गोष्ट पातळ झाली आहे, सोलकढीत पाणी ओतावं तशी. आणि एक सक्त सूचना: भाग संपल्यावर नावं गुगलवर शोधू नका. नटाचं नाव टाईप करायला घेतलं की खाली पर्याय दिसतात, त्यात खुनी असतो.

त्यानंतर 'हॅपी व्हॅली' घ्या. यॉर्कशरमधली सार्जंट कॅथरिन कॉवूड, वर्दीतली बाई, गुप्तहेर वगैरे नाही. सारा लँकशरचं काम बघताना आपल्या गावातली एखादी खमकी अंगणवाडी सेविका आठवेल. पर्वं २०१४, २०१६ आणि थेट २०२३ ची. मधली सात वर्षं वाया गेलेली नाहीत: कॅथरिनचा नातू झालेला मुलगा खरोखर मोठा होईपर्यंत लेखिका सॅली वेनराइट थांबली, आणि तिसऱ्या पर्वात तोच मुलगा आहे. म्हणून दुसरं आणि तिसरं सलग बघू नका, मध्ये चार दिवस जाऊ द्या.

'लाइन ऑफ ड्यूटी' पोलिसांचीच चौकशी करणाऱ्या पथकाची. यात बंदुकीपेक्षा टेबल महत्त्वाचं. चौकशीचे प्रसंग लांबलचक, आणि सुरू होताना टेपचा एक लांब बीप वाजतो. बीप ऐकला की चुलीवरचं काय ते उतरवून या, कारण पुढे मध्ये उठता येणार नाही. आद्याक्षरांचा पाऊस असतो: ओसीजी म्हणजे संघटित टोळी, यूसीओ म्हणजे टोळीत घुसवलेला पोलीस, आणि 'चिस' असं जे ऐकू येतं तो म्हणजे खबरी. एवढे तीन पाठ केले तरी ९० टक्के काम होतं. प्रत्येक अधिकारी मागणी करतो की माझी चौकशी माझ्याहून निदान एक पायरी वरच्याने करावी. हा नियम लक्षात ठेवा, डावपेच त्याभोवती फिरतात.

घरात आजी असेल आणि खून-मारामारी नको असेल तर 'डाउनटन ॲबी'. वाडा, मालक, नोकरचाकर, इस्टेटीला वारस नाही ही अडचण: खोतांच्या घराण्यांच्या गोष्टी ऐकलेल्या माणसाला दोन भागांत गोडी लागते. मात्र यातले नाताळचे विशेष भाग काही ॲपवर वेगळ्या रकान्यात पडलेले असतात आणि निसटतात. कथेतल्या मोठ्या घटना तिथेच घडतात, आणि मग पुढचं पर्व लावल्यावर 'हा माणूस कुठे गेला?' होतं. 'शेरलॉक'चंही तसंच, २०१६ चा विशेष भाग तिसऱ्या आणि चौथ्या पर्वाच्या मधला.

'द वायर' कशी पेलायची

ही बाल्टिमोर शहराची गोष्ट, २००२ ते २००८, पाच पर्वं. डेव्हिड सायमन तिथल्या वर्तमानपत्रातला गुन्हेवार्ताहर होता, त्याचा जोडीदार एड बर्न्स आधी पोलीस आणि मग शाळामास्तर. म्हणून मालिकेत ही सगळी खाती आहेत: पहिलं पर्व गर्दविक्रेते आणि पोलीस, दुसरं बंदर, तिसरं नगरपालिकेचं राजकारण, चौथं शाळा, पाचवं वर्तमानपत्र. एकेक पर्व म्हणजे शहराचं एकेक दालन.

लोक पहिल्या तीन भागांत सोडतात. कारण कोणी काही समजावून सांगत नाही आणि माणसं फार. उपाय असा: वहीचं एक पान घ्या, मध्ये उभी रेघ मारा, डावीकडे पोलीस, उजवीकडे टोळी. प्रत्येक भागानंतर फक्त ज्याचं नाव दोनदा ऐकलं ते लिहा. चार भागांत पान भरतं आणि मग लागत नाही.

पहिल्या पर्वात टोळी पेजर (कुठल्या नंबरला फोन करायचा तेवढं दाखवणारं खिशातलं यंत्र) आणि रस्त्यावरचे टेलिफोन वापरते. पेजरवर येणारे नंबर खोटे असतात. टेलिफोनची बटणं डोळ्यासमोर आणा: मधल्या ५ वरून उडी मारून पलीकडचा आकडा घ्यायचा. १ चा ९, २ चा ८, ३ चा ७, ४ चा ६, आणि ५ व शून्य यांची अदलाबदल. मोबाईलचं कीपॅड उघडून एकदा बोटाने करून बघा, मग तो प्रसंग अंगावर येतो. नाहीतर तो हुशार पोलीस नेमका कशावर खूश झाला तेच कळत नाही. शिवाय फोन ऐकायचा तर न्यायाधीशाची परवानगी लागते, आणि बाकीचे सगळे मार्ग थकले हे दाखवावं लागतं. रस्त्यावरचा फोन तर संशयितच बोलतोय हे कोणीतरी डोळ्यांनी बघत असेल तेव्हाच ऐकायचा. म्हणून ते पोलीस गच्चीवर तासन् तास बसलेले असतात. त्यांना दुसरं काम नाही असा अर्थ काढू नका.

खुनाच्या पथकाच्या फळ्यावर लाल अक्षरात नाव म्हणजे न सुटलेला खून, काळ्यात म्हणजे सुटलेला. साहेब लोक फळ्याकडे बघून का चिडतात ते एवढ्याने उमगतं.

दुसऱ्या पर्वात एकदम बंदर, गोदी कामगार, नवी माणसं. बरेच प्रेक्षक इथे नाराज होतात. आमच्या मते कोकणच्या प्रेक्षकाला हेच पर्व सगळ्यात जवळचं. युनियनच्या पुढाऱ्याला हवं काय, तर कालव्यातला गाळ काढा म्हणजे जहाजं येतील आणि पोरांना काम मिळेल. बंदराच्या जागेवर श्रीमंतांचे फ्लॅट नकोत. ज्यांनी दाभोळ-राजापूरच्या जुन्या बंदरांच्या गजाली ऐकल्यात आणि गाळाने भरलेली खाडी रोज बघितली, त्यांना या माणसाचा हट्ट परका वाटणार नाही.

घरात लहान मुलं असतील तर मोठ्याने लावू नका. पहिल्या पर्वाच्या चौथ्या भागात दोन पोलीस स्वयंपाकघरात जुन्या खुनाची जागा तपासतात आणि सबंध प्रसंग जवळपास एकाच शिवीवर चालतो. मालिकेतला अप्रतिम तुकडा आहे, पण हेडफोन लावून.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. 'ब्रेकिंग बॅड'चं पहिलं पर्व लेखकांच्या संपामुळे ७ भागांतच आटपलं, तेव्हा ७ भाग बघूनच मत बनवा. 'सक्सेशन'मध्ये एकही माणूस भला नाही. चालत असेल तरच. 'द क्राउन'मध्ये पात्रांचं वय वाढतं म्हणून दर दोन पर्वांनी सगळे नट बदलतात, टीव्ही बिघडलेला नाही.

कान कसा तयार करायचा

अडचण इंग्रजीची कमी आणि बोलीची जास्त. पुण्याच्या माणसाला मालवणी पहिल्या दिवशी जितकी कळते तितकंच यॉर्कशरचं इंग्रजी आपल्याला कळतं. सबटायटल इंग्रजीच लावा. हिंदीत डब असलं तर आजीसाठी ठीक, पण डबमध्ये सगळे एकाच गावचे होतात. सबटायटलच्या यादीत 'सीसी' लिहिलेला पर्याय कर्णबधिरांसाठीचा: त्यात दार वाजलं, पावलं आली हेही लिहून येतं. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना तोच निवडा.

उत्तर इंग्लंडमध्ये 'टी' म्हणजे संध्याकाळचं जेवण. आई पोराला टीसाठी हाक मारते तेव्हा चहा शोधू नका. 'नाउट' म्हणजे काही नाही, 'आउट' म्हणजे काहीही, 'समट' म्हणजे काहीतरी. 'लव्ह' हे दुकानदारीण कोणालाही म्हणते, प्रेमप्रकरण नसतं. 'द वायर'मध्ये 'री-अप' म्हणजे नवा माल, 'बर्नर' म्हणजे वापरून फेकायचा फोन. गंमत म्हणजे तिथले दोन मुख्य नट, इद्रिस एल्बा आणि डॉमिनिक वेस्ट, इंग्रज आहेत. वेस्ट तर यॉर्कशरमधल्या शेफील्डचा.

पोलिसांचे हुद्दे आपल्याशी जुळवताना चूक होते. ब्रिटिश डीसी (डिटेक्टिव्ह कॉन्स्टेबल), डीएस (सार्जंट), डीआय (इन्स्पेक्टर), डीसीआय (चीफ इन्स्पेक्टर) हा चढता क्रम. 'ब्रॉडचर्च'मध्ये डीएस मिलरला डीआयची जागा मिळणार असते आणि बाहेरचा माणूस आणून बसवतात; दोघांमधली धुसफूस तिथून सुरू होते. घड्याळाकडे सारखं बघण्याचं कारणही कायद्यात आहे: आरोप न ठेवता माणसाला २४ तास ठेवता येतं, गंभीर गुन्ह्यात वरिष्ठांच्या सहीने ३६, न्यायालयाकडून वाढवत कमाल ९६. तिथला साधा पोलीस बंदूक बाळगत नाही, म्हणून पाठलागात धाप लागते. अमेरिकेत बहुतेक राज्यांत स्थानिक मुख्य सरकारी वकील निवडणूक लढवून येतो, त्यामुळे कुठला खटला चालवायचा यात मतांचा हिशेब शिरतो.

नेट, लाईट आणि पत्र्यावरचा पाऊस

साध्या दर्जात तासाला १ जीबीपर्यंत डेटा जातो, एचडीत ३ पर्यंत. रोज दीड जीबीच्या पॅकवर साध्या दर्जाचा एक भाग बसतो, एचडीचा जेमतेम अर्धा. 'द वायर' मुळात चौकोनी पडद्यासाठी काढलेली, एचडी रूप २०१४ चं; साध्या दर्जात काही हरवत नाही. 'ॲडोलसन्स' मात्र चांगल्या दर्जात आणि डाउनलोड करूनच. चारही भाग एकेका सलग शॉटमध्ये, मध्ये एकही कट नाही. तिसऱ्या भागात जवळजवळ सगळा वेळ एक खोली, एक मुलगा आणि एक मानसतज्ज्ञ. तिथे गोल चक्री फिरायला लागली की सगळं ओम्फस्.

मोबाईलवर डाउनलोड केलेला भाग टीव्हीवर जाईल असं गृहीत धरू नका. कास्ट केलं (ॲपमधल्या बटणाने भाग टीव्हीवर पाठवला) की टीव्ही बहुतेक ॲपमध्ये तो भाग नेटवरूनच ओढतो. स्क्रीन मिररिंग केलं (फोनचा पडदा जसाच्या तसा टीव्हीवर दाखवला) तर आवाज येतो आणि चित्र काळं, कारण ॲप नक्कल रोखतं. केबल आणायची तर आधी फोनचा टाइप-सी पोर्ट चित्र बाहेर पाठवतो का ते बघा. स्वस्त फोन बहुधा पाठवत नाहीत. दहा इंची टॅबलेट आणि दोन इअरफोन जोडायची दुहेरी पिन, हा सगळ्यात बिनभानगडीचा मार्ग.

इन्व्हर्टरचा हिशेब: १२ व्होल्ट १५० एएचच्या बॅटरीत १८०० वॅट-तास, प्रत्यक्षात हाती ११०० च्या आसपास. ३२ इंची एलईडी ५० वॅट, जुना पंखा ७५, राउटर १० ते १५. म्हणजे बॅटरी नवी असेल तर आठेक तास, चार वर्षांची असेल तर निम्मे धरा. पण तुमचा राउटर चालू राहून उपयोग नाही, वाटेतल्या केबलवाल्याच्या पेटीची बॅटरी संपली की नेट जातंच. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस (लाईट गेल्यावर राउटर चालवणारी बॅटरीची पेटी) मिळतो. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. ९ व्होल्टच्या राउटरला १२ लावले की राउटर गेला.

वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात विजा जास्त. आभाळ भरून आलं की नुसतं बटण बंद करून भागत नाही, गडगडाट सुरू होण्याआधीच टीव्ही आणि राउटर दोन्हींची पिन सॉकेटमधून काढा, डिशची वायरही. ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीपासून टीव्ही चार-सहा इंच पुढे ठेवा आणि पावसाळ्यात रोज थोडा वेळ चालू करा, आतली दमट हवा त्याच्या उष्णतेने निघते. खाऱ्या हवेने एचडीएमआयच्या पिना मळतात. चित्र लुकलुकलं तर नवी केबल घेण्याआधी पिन दोन-तीनदा काढून घाला.

संवाद ऐकू येत नाहीत आणि संगीत मात्र कानठळ्या बसवतं, ही तक्रार पावसाची नसते. ऑडिओत ५.१ (सहा स्पीकरांसाठीचा आवाज) निवडलेलं असतं आणि संवादाचा मधला स्पीकर आपल्याकडे नसतो. स्टिरिओ (दोन स्पीकरांचा) निवडा, टीव्हीत 'नाइट मोड' असेल तर लावा. पुढचा भाग आणि झलक आपोआप सुरू होणं प्रोफाइलच्या सेटिंगमधून बंद करा, झलकेत पुढचं सगळं सांगून टाकतात.

३१ जुलैपर्यंत मालिका पुरी झाली नाही तर 'द वायर'चं पाचवं पर्व १० भागांचंच आहे, फोनवर घेऊन होडीवर नेता येतं. निघण्याच्या आदल्या रात्री, नेट असताना, ॲप एकदा उघडा म्हणजे परवान्याची तपासणी होऊन जाते, आणि फोनची तारीख-वेळ आपोआप राहू द्या. हाताने बदललेली असली की डाउनलोड उघडत नाही. काही ॲपवर भाग पहिल्यांदा प्ले केल्यापासून ४८ तासांत तो बाद होतो. तेव्हा चालतो की नाही बघायला म्हणून बंदरावरच दहाही भाग एकेकदा लावून बघू नका.